वसंतात रोपवाटिकेतून फुलझाडे निवडताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फेब्रुवारीच्या मध्यापासून एप्रिलच्या पहिल्या आठवड्यापर्यंत महाराष्ट्रातील रोपवाटिका वर्षातील सर्वांत देखण्या अवस्थेत असतात आणि याच काळात घरी नेलेली बरीच फुलझाडे मे महिन्यापर्यंत मरतात. यात नेणाऱ्याच्या निगराणीचा दोष थोडा आणि निवडीचा दोष फार असतो. म्हणून रोप आज किती फुलले आहे यापेक्षा पुढचे तीन महिने ते कसे काढील, या एकाच कसोटीवर पुढील उत्तरे दिली आहेत.

वसंत हा फुलझाडे लावण्याचा हंगाम आहे ना?

युरोप आणि उत्तर अमेरिकेत तो आहे. तेथे वसंतानंतर सौम्य उन्हाळा येतो, जमीन ओली असते आणि दिवस मोठा होत जातो, त्यामुळे कोवळ्या रोपाला मुळे पसरवायला पुरेसा अवधी मिळतो. आपल्याकडे वसंताच्या पाठोपाठ ग्रीष्म येतो. नागपूर, अकोला आणि चंद्रपूर येथे मे महिन्यात पारा 45 अंशांच्या आसपास जातो, तर पुण्यात एप्रिलमध्ये 38 ते 40 अंशांची दुपार नेहमीची असते. आपला लागवडीचा मोठा हंगाम मृगाच्या पावसाने, म्हणजे जूनच्या पहिल्या पंधरवड्यात सुरू होतो. जमिनीत लावायची झुडपे, वेली आणि फुलणारे वृक्ष तोपर्यंत थांबवलेले बरे.

तरीही वसंतातील फेरी वाया जात नाही. फूल प्रत्यक्ष झाडावर पाहून रंगाची आणि जातीची खात्री करून घेण्यास हाच काळ योग्य असतो, कुंडीत वाढणारी उष्णता सोसणारी झाडे आताही लावता येतात आणि उन्हाळी हंगामी फुलांचे बी पेरण्याची वेळही हीच आहे.

पिटुनिया, डायंथस, पॅन्सी आणि फ्लॉक्स भरभरून फुललेले दिसतात. ते घ्यावेत का?

मार्चमध्ये घेऊ नयेत. ही हिवाळी हंगामी फुले आहेत. ती ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये लावली की डिसेंबर ते फेब्रुवारी बहरतात, आणि वसंतात जो बहर दिसतो तो त्यांच्या आयुष्याचा शेवटचा टप्पा असतो. रात्रीचे तापमान वाढू लागले की पॅन्सी सर्वांत आधी मान टाकते, पिटुनियाचे दांडे लांबट आणि उघडे पडतात आणि फ्लॉक्स बी धरून वाळून जातो. पाचगणी-महाबळेश्वरसारख्या उंच ठिकाणी त्यांना आणखी काही आठवडे मिळतात, एवढाच काय तो अपवाद. एखाद्या समारंभासाठी पंधरा दिवसांची शोभा हवी असेल तर ती समजून-उमजून अवश्य घ्यावीत. मात्र ती उन्हाळाभर फुलतील असे कोणी सांगत असल्यास त्यावर विश्वास ठेवू नये.

‘आपल्या हवामानाला साजेसे’ म्हणजे नेमके काय पाहायचे?

महाराष्ट्राला एकच हवामान नाही, आणि रोपवाटिकेतील पाटीवर तर ते कधीच लिहिलेले नसते. कोकणात आणि गोव्यात उन्हाळ्याचा पारा फारसा चढत नाही, पण हवेत दमटपणा असतो आणि पावसाळ्यात 3000 मिलिमीटरपर्यंत किंवा त्याहूनही अधिक पाऊस कोसळतो. जमीन जांभ्याची, आम्लधर्मी आणि पाणी झटकन निचरणारी असते. तेथे उष्णतेपेक्षा बुरशी आणि मुळांची कूज यांचाच धोका मोठा असतो.

देशावर, मराठवाड्यात आणि विदर्भात परिस्थिती उलट आहे. हवा कोरडी, दुपारचा वारा भाजणारा, आणि जमीन बहुतेक ठिकाणी काळी, चुनखडीयुक्त व अल्कधर्मी. ही माती ओली असताना फुगते आणि वाळल्यावर तिला भेगा पडतात, त्या भेगांबरोबर बारीक मुळेही तुटतात. अनंत किंवा एक्झोरा अशा जमिनीत लावले, की नवी पाने पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. जमिनीत लोह असते, पण चुन्यामुळे मुळांना ते उचलता येत नाही. म्हणून जे झाड रत्नागिरीत कुंपणाला सहज फुलते ते परभणीत वर्षानुवर्षे खुरटते, यात नवल नाही. बोअरवेलच्या जड पाण्यानेही हीच अडचण उद्भवते. कुंडीच्या कडेला पांढरा क्षार जमत असेल तर आम्लप्रिय झाडे न घेणे हाच शहाणपणा आहे.

याशिवाय प्रत्येक घराचे स्वतःचे लहानसे हवामान असते. पश्चिमेची गच्ची, पूर्वेची गॅलरी, अकराव्या मजल्यावरचा वारा आणि भिंतीवरून परतणारी उष्णता यांमुळे एकाच इमारतीत दोन वेगळी झाडे योग्य ठरू शकतात. रोपवाटिकेत जाण्यापूर्वी एक दिवस सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी आपल्या जागेवर ऊन कोठे आणि किती तास पडते हे पाहून लिहून ठेवावे.

दिवसभर कडक ऊन असलेल्या गच्चीवर उन्हाळ्यात काय फुलते?

सर्वांत भरवशाची बोगनवेल. हिला मुळे जखडलेली कुंडी, भरपूर ऊन आणि थोडी पाण्याची ओढ मानवते. रोज पाणी आणि नत्रयुक्त खत दिले तर ती नुसती पाने वाढवते, आणि मग फुलत नाही म्हणून तक्रार होते. सदाफुली, अडेनियम आणि पांढरा चाफा हेही उन्हाला न डगमगणारे आहेत. लहान कुंड्यांसाठी पोर्चुलाका, म्हणजे घरोघरी ‘ऑफिस टाइम’ या नावाने ओळखले जाणारे फूल, स्वस्त आणि विनातक्रार असते. त्याची बोटभर फांदी मातीत खोचली तरी ती रुजते. झिनिया, गेलार्डिया, गोम्फ्रेना आणि सूर्यफूल यांचे बी फेब्रुवारी-मार्चमध्ये पेरले तर ऐन उन्हाळ्यात फुले मिळतात. झिनियाची तयार रोपे घेण्यापेक्षा बी पेरणे मला अधिक योग्य वाटते, कारण जागच्या जागी उगवलेल्या रोपाची मुळे हलवली जात नाहीत आणि ते उन्हात लवकर स्थिरावते.

जास्वंदही उन्हात फुलते, परंतु विदर्भात तिला दुपारी दोन-तीन तास सावली मिळाली तर कळ्या गळत नाहीत. जास्वंद घेताना शेंड्यांवर पिठ्या ढेकूण नाहीत याची खात्री करून घ्यावी. कापसासारखा पांढरा पुंजका दिसला तर ते झाड तेथेच ठेवावे.

मोगरा कोणता घ्यावा आणि घरी आणल्यावर तो फुलत का नाही?

वसंतात रोपवाटिकेतून एकच झाड आणायचे असेल तर मोगरा आणावा, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याचा नैसर्गिक बहर फेब्रुवारी-मार्चपासून जूनपर्यंतचा, म्हणजे इतर बहुतेक फुले माघार घेतात नेमक्या त्याच दिवसांतला आहे. एकेरी मोगरा, गोल टपोऱ्या कळ्यांचा बटमोगरा, टोकदार कळ्यांचा मदनबाण आणि हजारी मोगरा हे प्रकार बहुतेक ठिकाणी मिळतात. नावांची अदलाबदल सर्रास होते, म्हणून झाडावर निदान एक फूल उमललेले पाहूनच घ्यावे आणि त्याचा वास घ्यावा. गजऱ्यासाठी बटमोगरा किंवा मदनबाण बरा, देवाच्या फुलांसाठी एकेरीही पुरतो.

न फुलण्याचे कारण बहुधा सावली हे असते. मोगऱ्याला रोज पाच-सहा तास थेट ऊन लागते. खिडकीतील उजेड त्याला पुरत नाही. दुसरे कारण छाटणीचा अभाव. फुले नव्या फुटीवर येतात, त्यामुळे हिवाळ्यात पाणी कमी करून, पाने झडू देऊन, नंतर फांद्या छाटून शेणखत आणि भरपूर पाणी दिले की वसंतात नवी फूट कळ्या घेऊनच येते. मार्चमध्ये आणलेल्या झाडाची जोरदार छाटणी करू नये. फुललेल्या फांदीचे टोक दोन पानांपर्यंत खुडत राहावे, म्हणजे बहर पुन्हा पुन्हा येतो.

उत्तरेकडच्या सावलीच्या गॅलरीत काही फुलेल का?

थोडेच, आणि ते आधी मान्य केलेले बरे. अबोली, पीस लिली आणि सकाळचे ऊन मिळत असेल तर तगर यांवर समाधान मानावे. सावलीत गुलाब फुलवण्याच्या प्रयत्नात झाडाचे आणि माणसाचे दोघांचेही हाल होतात.

कोकणात आणि गोव्यात वसंतात काय निवडावे?

सोनचाफा, अनंत, अबोली आणि एक्झोरा ही तेथील मातीची झाडे म्हणावीत इतकी तेथे रमतात. सोनचाफा घेताना कलमच घ्यावे. बियांपासून वाढवलेले झाड फुलायला अनेक वर्षे लावते, तर ‘वेलणकर’सारख्या जातीचे कलम लवकर फुलू लागते आणि कुंडीतही जगते. कलमाचा सांधा नीट जुळलेला आहे की नाही, त्यावर प्लॅस्टिकची पट्टी तशीच आवळून राहिलेली आहे का, हे हाताने चाचपून पाहावे. राहिलेली पट्टी खोडाला काचते. वळेसरासाठी, म्हणजे केसांत माळायच्या गजऱ्यासाठी, अबोली हवी असेल तर तिला दुपारची सावली आणि निचरा होणारी माती द्यावी, कारण पाणी साचल्यास आणि जमिनीत सूत्रकृमी असल्यास ती एकाएकी सुकते. पावसाळ्याची तयारीही आताच करावी: तळाशी मोकळी छिद्रे नसलेली एकही शोभेची कुंडी कोकणात विकत घेऊ नये.

गुलाब वसंतात आणावा का?

आणता येतो, पण लहान पिशवीतला नको. आठ-दहा इंची कुंडीत मुरलेले, निदान तीन जाड फांद्या असलेले डोळा भरलेले कलम घ्यावे. डोळ्याचा सांधा मातीच्या वर असला पाहिजे; त्याच्या खालून निघणारे रानटी फुटवे मूळ खुंटाचे असतात आणि ते काढले नाहीत तर वर्षभरात कलम दबून जाते. वाढत्या उष्णतेत टपोऱ्या प्रदर्शनी जातींची फुले लहान होतात, पाकळ्यांच्या कडा करपतात आणि कोरड्या हवेत पानांमागे लाल कोळी पडतो. सुवासिक गुलाबी गावठी गुलाब हे सारे अधिक सहजपणे सोसतो. प्रदर्शनी जातींची आवड असणाऱ्यांनी पावसाळा सरल्यावर खरेदी करावी.

रोप निरोगी आहे हे तपासायचे कसे?

फुलांकडे सर्वांत शेवटी पाहावे. प्रथम पाने उलटी करून मावा, पांढरी माशी, फुलकिडे आणि कोळ्याची बारीक जाळी शोधावी. मग पिशवीच्या छिद्रांतून मुळे पाहावीत: पांढरी, टवटवीत मुळे थोडीशी बाहेर डोकावत असतील तर उत्तम, तपकिरी आणि वास मारणारी असतील तर रोप परत ठेवावे, आणि मुळे गोल गोल फिरून गच्च झाली असतील तर ते रोप फार काळ पिशवीत राहिले आहे असे समजावे. खोड बुंध्याशी हळूच हलवून पाहावे. मुळे धरलेले रोप मातीसकट हलते. नुकतीच खोचलेली छाट मोकळी डुलते.

दोन रोपांपैकी उंच आणि फुललेले घ्यावे की ठेंगणे आणि कळ्यांचे, असा प्रश्न पडल्यास नेहमी दुसरे घ्यावे. उमललेली फुले प्रवासात गळतात आणि झाडाची शक्ती मुळांऐवजी फुलांत खर्च होते. शेडनेटखाली वाढलेली, लांबट आणि फिकट कांड्यांची रोपे उघड्या उन्हात चटकन भाजतात. म्हणून रोप रोपवाटिकेत नेमके कोठे ठेवले होते याकडेही लक्ष असावे.

रोपाभोवती लाल चिकणमातीचा घट्ट गोळा असतो. त्याचे काय करावे?

महाराष्ट्रात विकली जाणारी असंख्य रोपे आंध्र प्रदेशातील कडियम परिसरातून ट्रकने येतात. तेथील लाल चिकट मातीचा गोळा प्रवासात फुटत नाही, म्हणून तो वाहतुकीला सोयीचा असतो. आपल्याकडे आल्यावर तो वाळून विटेसारखा कडक होतो. आपण घातलेले पाणी त्याच्या बाजूने वाहून जाते आणि कुंडी ओली असूनही आतली मुळे कोरडी राहतात. उन्हाळ्यात अकारण सुकलेल्या रोपांमागे हे कारण वारंवार आढळते.

असा गोळा बादलीभर पाण्यात अर्धा तास भिजवून बाहेरचा थर बोटांनी हळूहळू सोडवावा, एक-तृतीयांशापेक्षा अधिक माती काढू नये आणि लगेच सावलीत ठेवावे. बोगनवेलीच्या बाबतीत मात्र हा उपाय टाळावा, कारण तिची मुळे अतिशय नाजूक असतात आणि हाताळल्यास ती रुसते. तिचा गोळा कडेने टोकदार काडीने चार-पाच ठिकाणी टोचून तसाच लावावा.

रोपे कोठून घ्यावीत आणि तेथे काय विचारावे?

पुण्याजवळ सोलापूर रस्त्यावर उरुळी कांचन, सोरतापवाडी या पट्ट्यात रोपवाटिकांची रांगच आहे आणि तेथे निवडीला मोठा वाव मिळतो. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली येथील कृषी विद्यापीठांच्या रोपवाटिकांत शोभेची विविधता कमी असते, परंतु जातीची खात्री आणि त्या विभागाच्या हवामानाचा अनुभव तेथे मिळतो. आपल्या गावातील लहान रोपवाटिकेचा एक मोठा फायदा असा, की तेथील झाडे आपल्याच उन्हात आणि आपल्याच पाण्यावर राहिलेली असतात.

तेथील माळीकाका किंवा मावशींना तीन गोष्टी विचाराव्यात: हे रोप येथेच तयार केले की बाहेरून आणले, येऊन किती दिवस झाले, आणि गेल्या वर्षीचे हेच झाड येथे कोठे आहे का. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर सर्वांत मोलाचे असते. मागचा उन्हाळा त्याच आवारात काढलेले झाड दाखवता आले, तर हवामानाचा प्रश्न तेथेच सुटतो. फोनवर परदेशी फुलाचे छायाचित्र दाखवून ‘हेच हवे’ असा आग्रह धरण्यापेक्षा आपल्या जागेचे छायाचित्र दाखवावे; अनुभवी माळी त्यावरून योग्य झाड सुचवतो.

शेवंती आणि निशिगंध यांचे काय?

दिवस लहान होऊ लागले की शेवंती कळ्या धरते, म्हणून वसंतात कुंडीतील फुले ओसरलेली असतात. फुले संपलेली कुंडी स्वस्तात मिळत असेल तर ती घेण्याजोगी असते, कारण तिच्या बुंध्याशी निघालेल्या काश्या एप्रिल-मेमध्ये वेगळ्या करून लावता येतात आणि त्या दसऱ्यानंतर फुलू लागतात. निशिगंधाचे कंद लावण्याची हीच वेळ आहे. दीड ते तीन सेंटिमीटर व्यासाचे, कडक आणि डाग नसलेले कंद निवडावेत.

स्थानिक झाडे मागितली तर मिळतात का? आणि काही झाडे टाळावीत का?

मागणी केली तर मिळू लागतात, म्हणून मागत राहावे. बंगल्याभोवती जागा असलेल्यांनी धायटी, कोरांटी, तामण आणि बहावा यांची चौकशी करावी. तामण हे महाराष्ट्राचे राज्यपुष्प आहे आणि एप्रिलपासून ते जांभळ्या तुऱ्यांनी भरते. सीता अशोक मागताना पाने नीट पाहावीत, कारण ‘अशोक’ म्हणून अनेकदा उंच सरळ वाढणारा आसुपालव हाती दिला जातो. त्याला ती केशरी फुले कधीच येणार नाहीत.

केशरी-पिवळ्या कॉसमॉसबद्दल मात्र एक कळकळीची विनंती आहे. ते उन्हात उत्तम फुलते, पण त्याचे बी पुण्याभोवतालच्या टेकड्यांवर पसरून तेथील पावसाळी रानफुलांची जागा व्यापत आहे. कुंडीत लावल्यास बी धरण्यापूर्वी फुले खुडावीत आणि ‘टेकडी फुलवण्यासाठी’ त्याचे बी कदापि उधळू नये. घाणेरीच्या रंगीत जातींनाही हेच लागू आहे.

लहान मुले, गुरे किंवा शेळ्या असलेल्या घरी कण्हेर आणि बिट्टी लावू नये. दोन्ही उन्हाळ्याला चिवट असल्या तरी त्यांचे सर्व भाग अतिशय विषारी असतात. अडेनियमचा चीकही तसाच घातक आहे.

घरी आणल्यानंतरचे पहिले दिवस कसे सांभाळावेत?

रोपे सकाळी लवकर आणावीत आणि बंद गाडीत क्षणभरही उन्हात ठेवू नयेत. दुचाकीवरून नेताना शेंडे ओल्या कापडात सैल गुंडाळावेत, कारण वाऱ्याने पाने अर्ध्या तासात सुकतात. घरी आल्यावर आठवडाभर ती पिशवीतच, सकाळचे ऊन मिळेल अशा जागी ठेवावीत, मग संध्याकाळी कुंडीत लावावीत आणि ऊन दररोज थोडे थोडे वाढवावे.

उन्हाळ्यासाठी मातीची कुंडी प्लॅस्टिकपेक्षा चांगली, कारण तिच्या अंगातून पाणी झिरपून मुळे थंड राहतात. वारा फार असेल तर तिला पाणी मात्र अधिक लागते. मातीवर वाळक्या पानांचा किंवा उसाच्या पाचटाचा दोन इंच थर द्यावा. पाणी सकाळी लवकर द्यावे. दुपारी पाने लोंबली म्हणून लगेच पाणी ओतू नये. आधी बोट मातीत खुपसून पाहावे, आणि माती ओली असेल तर संध्याकाळपर्यंत थांबावे. नव्या रोपाला महिनाभर रासायनिक खत देऊ नये.

परदेशात राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी मोगरा कसा निवडावा?

अमेरिकेत रोपांच्या पाटीवर कृषी खात्याच्या नकाशातील विभागाचा क्रमांक छापलेला असतो. हे 13 विभाग दरवर्षीच्या हिवाळ्यातील सर्वांत कमी तापमानाच्या सरासरीवर आधारलेले असून नकाशाची अलीकडची आवृत्ती 2023 मधील आहे. मोगरा साधारणपणे 9 ते 11 या विभागांत बाहेर टिकतो. त्याहून थंड ठिकाणी तो कुंडीतच ठेवावा, हिमतुषाराची शेवटची तारीख उलटल्यावर बाहेर काढावा आणि शरदात रात्री गार होऊ लागताच दक्षिणेकडच्या खिडकीत आणावा. तो क्रमांक फक्त थंडीबद्दल बोलतो. सुट्टीत भारतात येताना तेथील बियांची पाकिटे आणण्याची पद्धत आहे, परंतु त्यांवरील ‘पूर्ण ऊन’ ही सूचना तिकडच्या सौम्य उन्हाळ्यासाठी लिहिलेली असते, आणि विदेशी बियाणे आणण्यावर विमानतळावर वनस्पती-विलगीकरणाचे (प्लांट क्वारंटाइन) नियमही लागू होतात. त्यापेक्षा येथेच मिळणारे झिनियाचे बी अधिक चांगले फुलते.